गाडीच्या रंगाचं नेलपॉलिश

धायरीतल्या बांगड्यांच्या दुकानात एक धोतरवाले आजोबा दहाही नखांना वेगवेगळं लाल नेलपॉलिश लावून पाहत होते. मग बाहेर जाऊन ते आपल्या लांबलचक परदेशी गाडीवरच्या ओरखड्याशी एकेक नख धरू लागले. मी तिथंच उभा होतो.

"मंडळी म्हनली व्हती, गाडी गल्लीत घालू नका," ते मला म्हणाले. "तिला दिसाया नगं. बगा, कंचा जुळतोय?"

मी करंगळीचा रंग सुचवला. त्यांनी ती बाटली घेतली, उकिडवं बसून ओरखडा रंगवला आणि वाळेपर्यंत मायेनं फुंकर घातली. ओरखडा खरंच दिसेनासा झाला.

नखांचा रंग काढायचं औषध मात्र दुकानात संपलं होतं.

आजोबा हातांकडे बघत राहिले. "गाडीचं झाकलं. आता ह्ये घरी कुठं झाकू?"