बरणीचं बूड

जुन्या बरण्यांचा नाद लागला की बरण्या कमी आणि किस्सेच जास्त गोळा होतात. बरण्यांना बायको घरात जागा देत नाही, किश्श्यांना कुठं जागा लागते!

आमचं टोळकं तिघांचं. नगरला भंगाराचं दुकान असलेले शफीभाई, चित्रकलेचे रिटायर्ड शिक्षक गायकवाड सर आणि मी. चिनी मातीची बरणी दिसली की आम्ही ती आधी पालथी करतो, कारण कारखान्याचा शिक्का बुडावर असतो. शफीभाईंना आणि मला नुसती हौस. सरांचं तसं नाही. त्यांचे वडील मुंबईकडच्या एका बरण्यांच्या कारखान्यात होते. आपला माल ओळखू यावा म्हणून तिथला प्रत्येक कारागीर शिक्क्याशेजारी ओल्या मातीत स्वतःची खूण करायचा. वडील अंगठ्याचं नख दोनदा दाबायचे, पाठीला पाठ लावून. आता वडील नाहीत, आणि त्यांच्या हातची एकही बरणी घरात नाही. एक तरी सापडावी म्हणून सर जीव टाकतात.

*

सर पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. चहा आला. सवयीनं सरांनी कप डोक्याच्या वर धरला आणि मान वाकडी करून खालचा शिक्का वाचायला लागले. चहा पँटवर!

मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "सर, आमचं घराणं वरून बघितलं तरी चालेल."

लग्न जमलं, हे नशीब.

*

एकदा शफीभाईंकडे बरणी आली, बुडाला लाल अक्षरात 'ग. म.' कारखान्याच्या मालकाचं नाव गणपतराव की गोविंदराव, यावर आमचं भांडण जुंपलं. शफीभाई तर गुलाम मोहम्मदवर अडून बसले. शेवटी माझी बायको डबा द्यायला आली, तिनं बरणीचा वास घेतला.

"गरम मसाला," म्हणाली आणि निघून गेली.

*

मिरजगावच्या एका हॉटेलात मिठाची झकास बरणी दिसली. उचलायला गेलो तर हलेना. मालकानं ती काउंटरमध्ये सिमेंट घालून पक्की केलेली! शफीभाईंनी अदबीनं विचारलं, "मालक, हॉटेल जरा पालथं करता का?"

सर हसले, पण परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले, त्या बुडाला वडिलांचं नख असलं तर? मला फार वाईट वाटलं.

*

मग काष्टीचा बाजार. सखूबाई लोणचं विकायला बसलेली, पुढ्यात मोठी बरणी. बरणीच्या काठाची घडण बघूनच सर म्हणाले, हा वडिलांच्याच कारखान्याचा माल. पण सखूबाई बूड दाखवेना.

"भरली बरनी पालथी घालत न्हाईत. सरल्यावर या."

लोणचं सरणार कधी? आम्हीच घ्यायला लागलो, दर बाजाराला. सरांना बीपी, शफीभाईंना ॲसिडिटी. मग सगळ्या कॉलनीत लोणचं वाटून टाकलं. पुढं पुढं आम्ही दिसलो की लोक दार लावून घ्यायला लागले.

एकदाची बरणी रिकामी झाली. सखूबाईनं ती धुतली, पुसली, मांडीवर पालथी घेतली. शिक्क्याशेजारी नखाच्या दोन खुणा, पाठीला पाठ लावून.

सरांनी त्यात आपलं नख टेकवलं आणि लहान पोरासारखे रडले. शफीभाई म्हणाले, मावशी, ही बरणी सरांना द्या. सरच नको म्हणाले. वडिलांनी लोणच्यासाठी केलीय, तिच्यात लोणचंच राहू दे.

सखूबाईनं विचारलं, "नाव काय हुतं वडलांचं?"

"किसन."

पुढच्या बाजाराला गेलो, तर एस. टी.तून उतरतानाच तिची आरोळी कानावर आली.

"या, किसनदादाच्या बरनीतलं लोनचं!"