बोडकं कणीस

उत्रोलीच्या साळूबाईचा कुणावर म्हणून भरवसा नव्हता. एसटीत बसली की तिकीट उजेडाकडं धरून बघायची. दुकानदारानं समोरचा गूळ तोडायला घेतला की म्हणायची, "त्यो ऱ्हाऊ द्या, मागल्या ढेपंचा द्या." देवळात हातावर खोबरं पडलं तरी आधी वास घ्यायची, मग तोंडात टाकायची. सगळ्या मुलखात एकच जीव तिच्या संशयातनं सुटला होता, तो म्हणजे चंद्री म्हैस.

बहात्तरच्या दुष्काळात चंद्री नुसत्या भाताच्या पेंढ्यावर राहिली, शिमग्याआधीच आटली आणि तिचं रेडकू दुधावाचून गेलं. त्याचं दावं साळूबाईनं अजून खुंटीवरनं काढलं नव्हतं. पुढल्या दिवाळीत चंद्रीला पारडी झाली तेव्हा तिनं मनाशी गाठ मारली, ही पारडी जगवायची. पण पेंढ्याशिवाय घालणार काय?

अशात शेतीखात्याचा मानसिंग सायकलवरनं आला. पिशवीतनं त्यानं बियाणाच्या दोन पुरचुंड्या काढल्या, एकीला तांबडा दोरा, एकीला पांढरा.

"आक्का, हे नवं बी. गहू आणि राय म्हणून एक परदेशी धान्य, दोघांचं लगीन लावून काढलंय. ट्रिटिकेल म्हणतात."

"लगीन लावताना दोनी घरच्यास्नी इचारलं व्हतं का?"

मानसिंग हसला. "जनावराच्या चाऱ्यासाठी आहे. वाण दोन आहेत. दोन्ही शेजारी शेजारी पेरा. पोटरीत आलं, की कणीस बाहेर पडायच्या आत हिरवं कापून घाला. म्हशीला कोणतं मानवतं ते मी फाल्गुनात येऊन विचारीन. तेच पुढल्या साली गावाला देऊ."

"आन् ह्येचं काय घ्याल?"

"काही नाही. फुकट."

एवढं ऐकलं आणि साळूबाईच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच.

तरी तिनं पेरलं. पारडीकडं बघून पेरलं. विहिरीलगतच्या दोन गुंठ्यांत मधे बांध घालून दोन्ही वाण टाकले आणि दोन्हीकडं खुंट ठोकून त्यांना तेच दोरे बांधले. दीड-दोन महिन्यांत दोन्ही कमरेला लागले. हिरवंगार, रसरशीत. पोटरी फुगली. विळा घेऊन ती बांधावर उभी राहिली, आणि तशीच मागं फिरली. दिसायला सगळा गहूच की हो! उभा गहू पोटरीत कापायचा म्हणजे पोटुशीला घराबाहेर काढण्यासारखं.

तिचा धाकटा दीर ज्ञानू शेजारीच पिकाला पाण्याचं बारं देत होता. "का वो वयनी? सायबानं तर कापा म्हनून सांगितलंय."

"भावजी, त्यो कनीस पडायच्या आत कापा म्हंतोय. का म्हंतोय? कनसात कायतरी आसंल, ते आपल्याला दिसू द्यायचं न्हाई त्येला!"

"मंग आता म्हशीला इचारा," म्हणत ज्ञानू हसत पुढं गेला.

साळूबाई थांबली. कणसं बाहेर पडली. तांबड्या दोऱ्याचं कणीस लांब, भरदार, वितीएवढ्या कुसळांनी उभं. पांढऱ्या दोऱ्याचं मात्र बोडकं, कुसळ औषधालासुद्धा नाही. ती मनात म्हणाली, आलं ध्यानात! एक खरं दिलंय न् एक खोटं. आणि गव्हासारखं पिकू देऊन, कुसळं वाळून करकरीत झाल्यावर तिनं तांबड्याचे भारे कापले आणि कौतुकानं चंद्रीपुढं टाकले.

दोन दिवस चंद्रीनं भुकेपायी खाल्लं. तिसऱ्या दिवशी नाक घातलं आणि मान वळवली. तोंडातनं लाळेच्या तारा. पाण्याला तोंड लावीना. सकाळी धार काढली तर चरवीचा तळसुद्धा झाकला नाही, आणि पारडी सडाला ढुशा देऊन देऊन ओरडायला लागली.

"इख घातलं मेल्यानं!" साळूबाईनं अंगण डोक्यावर घेतलं. ज्ञानू म्हणाला, "भोरहून ढोरांचा डाक्तर आनतो." ती म्हणाली, "त्यो बी त्येच्याच ओळखीचा निघंल." आणि पदर खोचून, चंद्रीची जीभ एका हातानं बाजूला धरून तिनं दुसरा हात खोल जबड्यात घातला.

जिभेखाली बोटाला काहीतरी रुतलं. ओढलं तर कुसळं, लाळेनं वळलेली, रक्तानं माखलेली बोटभर गुंडाळी. मग गालफडातनं आणखी एक.

ती उजेडाकडं धरून बघत राहिली, तिकीट बघायची तशी. मानसिंग पोटरीतच कापा म्हणाला होता, तेव्हा ही कुसळं जन्मालाही आली नव्हती. नाव कुणाचं घ्यायचं, ते तिला सापडेना.

"काय गावलं वो वयनी?" ज्ञानूनं विचारलं.

"काय न्हाई. तुमी मिठाचं पानी आना."

तिनं चंद्रीचं तोंड धुतलं, हळद-तेल लावलं. चार दिवस कोंड्याच्या पातळ आंबोणावर काढले. पाचव्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याचं बोडकं कापून आणलं. पण पुढं टाकण्याआधी एक कणीस स्वतःच्या गालावरनं खालवर फिरवलं, मग जिभेवरनं. टोचलं नाही. चंद्रीनं हुंगलं, फुरफुरली आणि सगळा भारा फस्त केला. आठवड्यानं चरवीत फेस दिसला. पारडीची पाठ गुळगुळीत व्हायला लागली.

फाल्गुनात मानसिंग आला. "मग आक्का, कोणतं मानवलं?"

"बोडकं."

"आणि तांबड्या दोऱ्याचं?"

साळूबाईनं दावणीकडं बघितलं. मग सगळं सांगितलं, गालफडातल्या गुंडाळीसकट. ज्ञानू बांधावर तोंड उघडं टाकून ऐकत होता. तिनं आपली चूक सांगितलेली त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

मानसिंगनं लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. पुढल्या साली बोडकंच बी आणतो."

"आना की," ती म्हणाली. "पर ते बोडकंच हाय, ह्ये कनीस पडस्तोवर मला कसं कळायचं?"

आणि उतरंडीमागनं तिनं एक गाडगं काढलं. पांढऱ्या दोऱ्याचं बी, तिनं स्वतः मळून, राखेत घोळून ठेवलेलं. गाडग्याच्या गळ्याला तोच दोरा बांधला होता.