उबवणी केंद्रातला लाल दिवा

अंड्यातून बाहेर येण्याआधीच पिल्लू आतून बोलू लागते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले. निपाणीजवळच्या एका शेतावर, जुन्या तंबाखूच्या वखारीत, उबवणी यंत्राच्या दाराला कान लावून मी तो आवाज प्रथम ऐकला. त्याच दिवशी, त्याच वखारीत, तो आवाज मंदावत जातानाही मला ऐकावा लागला.

मी बेळगावात यंत्रांच्या नियंत्रणाची कामे करतो. कारखान्यातल्या पंख्यांनी, मोटारींनी, हीटरनी केव्हा चालावे आणि केव्हा थांबावे, हे एका लहानशा पेटीत आधीच लिहून ठेवलेले असते. तिला आम्ही पीएलसी म्हणतो. ती बसवणे आणि बिघडली की पूर्ववत करणे, यावर माझे घर चालले आहे.

वखार ज्या घराची, त्या घरचा मुलगा फौजेत आहे. त्याची पत्नी काही वर्षे बेळगावच्या कॅम्पात राहून गावी परतली, तेव्हा तंबाखूचे दिवस आता फार उरले नाहीत हे तिने ओळखले. सासऱ्यांची समजूत घालून तिने वखार रिकामी करून घेतली आणि तिथे कोंबडीची अंडी उबवण्याची यंत्रे मांडली. भिंतींना मात्र अजून तंबाखूचा वास होता. पहिली खेप ओलाव्याचे प्रमाण चुकल्याने वाया गेली. तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, ज्यांना सगळे गाव आप्पा म्हणते, माझ्यासमोरच सांगून टाकले होते:

"आनि एकदा बगतो. ह्या खेपेला पिल्लं न्हाय निघाली, तर मशीनी भाईर आनि तंबाखू आत."

"या वेळी काही बिघडणार नाही, आप्पा," असे मी हळू आवाजात म्हणालो होतो. माझा आवाज मुळातच हळू आहे. हळू बोलणाऱ्या माणसावर लोक गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवतात, आणि त्या विश्वासाचा मी आयुष्यभर नकळत फायदा घेत आलो, असे आता वाटते.

पिल्ले निघण्याच्या दिवशी मी तिथेच थांबावे, असा सूनबाईंचा आग्रह होता. सकाळी सगळे सुरळीत होते. "कान लावून बगा की अण्णा, कशी बोलायल्यात," असे म्हणून त्यांनीच मला दाराशी नेले होते. दुपारी, उन्हाचा ताव सर्वांत जास्त असताना, वीज गेली.

जनरेटर सुरू झाला. दिवे लागले. पंखे मात्र लागले नाहीत.

वखारीत एक मुख्य पीएलसी होता आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा छोटा नियंत्रक होता. ही सर्व मंडळी एकाच केबलवरून परस्परांशी बोलत. मुख्य पीएलसीचा निरोप आला, तरच यंत्राचा पंखा फिरावा आणि हीटर तापावा. निरोप नाही, तर सगळे बंद, अशी व्यवस्था मी मुद्दाम केली होती. नियंत्रणाविना हीटर चालू राहिला तर अंडी करपतील, ही भीती त्यामागे होती. रिकाम्या यंत्राचा विचार करून मी ते ठरवले होते. कवच फोडण्याच्या बेतात असलेले पिल्लू स्वतःच उष्णता बाहेर टाकते, आणि पंखा थांबला की त्या पिल्लांच्याच श्वासाने आतली हवा जड होत जाते, हे मी ऐकले होते; पण माझ्या आराखड्यात त्याला जागा मिळाली नव्हती. "हातानं लावायला एखादं बटन नको का, अण्णा?" असे सूनबाईंनी सुरुवातीलाच विचारले होते. मी हसून म्हणालो होतो, "त्याची गरज पडणार नाही."

पॅनेलचे दार उघडले. मुख्य पीएलसीवर कम्युनिकेशन तुटल्याचा लाल दिवा जळत होता.

वखारीतून सूनबाईंचा आवाज आला. "अण्णा, पंखं?"

"आत्ता लागतील, ताई."

मी पॅनेलचा मुख्य स्विच पाडला आणि पुन्हा चढवला. दिवे लुकलुकले आणि लाल दिवा तसाच राहिला. केबलचे टोक काढून पुसले, बसवले, पुन्हा स्विच पाडला. लाल. दुसऱ्या टोकाचे स्क्रू आवळले, स्विच पाडला, चढवला. लाल. लॅपटॉप जोडला, तर पडद्यावर एकाही यंत्राचे नाव उमटेना. जणू वखारीत यंत्रेच नव्हती.

तिकडे सूनबाईंनी सर्व यंत्रांची दारे उघडून टाकली होती. कामावरच्या बायका धावत घरातून सुपे घेऊन आल्या, कुणी पोती भिजवून दारांवर टाकली, आणि जोंधळे पाखडावेत तशा त्या दारांसमोर उभ्या राहून वारा घालू लागल्या.

"जोरात घाल गं! काय देवाला चवरी ढाळतीस व्हय?"

"तूच ढाळ की मग! मनगाट मोडाय आलंय हितं."

"बोलू नगा, हात हलवा!" सूनबाई ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला होता.

आप्पा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. माझा हात स्विचवर वर-खाली होताना त्यांनी पाहिला. मग म्हणाले, "काय वो इंजिनेरसाहेब, सारकं लावताय आनि काडताय. त्ये दमलं न्हाय का?"

मी आणखी एक स्क्रू आवळला. घाम डोळ्यांत उतरत होता. पेटीतला प्रोग्रामच पुसला गेला असेल का, अशी शंका आली. तो पुन्हा भरायचा तर माझी जुनी प्रत बेळगावच्या घरी होती. तेवढ्यात जाणवले की वखारीतला चिवचिवाट पूर्वीसारखा दाट राहिलेला नाही. त्यात भोके पडू लागली होती. मी पुन्हा स्विच पाडला. तसे करण्यामागे आता कोणतेही कारण उरले नव्हते. काही न करता उभे राहणे मला सहन होत नव्हते, एवढेच.

"अण्णा!" सूनबाई दारात आल्या. पदर खांद्यावरून घसरला होता, कपाळाला टरफलाचा तुकडा चिकटला होता. "शेवटच्या मशीनीला मानूस न्हाय. या हिकडं!"

"एक मिनिट, ताई."

"तुमचं मिनिट सरतंय कवा? तितं मरायल्यात वो सगळी! सोडा ते!"

मी स्विच चढवला आणि सोडले. आयुष्यात प्रथमच मी एक बिघडलेले पॅनेल उघडे टाकून निघून गेलो.

माझ्या हातात कुणीतरी सूप दिले. शेवटच्या यंत्राचे दार उघडे होते, पण तिथे वारा घालायला आतापर्यंत कुणी नव्हते. वरच्या थाळ्यांत हालचाल दिसत होती. खालच्या थाळ्यांत नव्हती. एका अंड्याला दाण्याएवढे छिद्र पडले होते आणि त्यातून एक चोच उघडझाप करत होती. मी त्या चोचीकडे पाहत वारा घालू लागलो. सूप धरायची सवय नसल्याने ते माझ्या हातात फिरत होते. शेजारची बाई म्हणाली, "कडंला धरा, सायेब, कडंला." मी कडेला धरले. मनगटातून कळ निघू लागली. पॅनेल, केबल, प्रोग्राम यांतले काहीही त्या वेळी माझ्या मनात नव्हते; ती चोच बंद होऊ नये, एवढेच मागणे होते, आणि ते मी कुणाकडे मागत होतो हेही मला ठाऊक नव्हते.

चुलीवर पाणी उकळायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. वखारीच्या पहिल्या टोकाला घरघर झाली. पहिल्या यंत्राचा पंखा फिरू लागला. मग त्याच्या शेजारचा. एकामागून एक करत घरघर आमच्याकडे सरकत आली आणि अखेर माझ्या तोंडावर वारा आला. बायकांनी सुपे खाली टाकली. एकजण तिथेच भुईवर बसून रडू लागली आणि दुसरी तिला हसत म्हणाली, "आता कशाला रडतीस गं, पंखं लागल्यावर?"

मी तिथेच उभा होतो, आणि काय घडले ते मला हळूहळू उमगत गेले. वीज आल्यावर मुख्य पीएलसी आधी जागा होतो आणि केबलवरच्या एकेका यंत्राला क्रमाने हाक देतो. यंत्रे त्याच्याहून सावकाश जागी होतात. सगळ्यांची उत्तरे येईपर्यंत लाल दिवा जळतच राहतो. थोडे थांबावे, असे मी स्वतः कितीतरी कारखान्यांत ऑपरेटरांना सांगितले आहे. त्या दुपारी मी थांबलो नाही. यंत्रे डोळे उघडण्याच्या बेतात असताना प्रत्येक वेळी स्विच पाडून मीच त्यांची वीज तोडली. सूनबाईंनी मला ओढून नेले नसते, तर मी स्विच पाडतच राहिलो असतो.

चोच आता हलत नव्हती.

आप्पा जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं तुमाला. लई झगडलासा. तुमी हुतासा म्हनून निभावलं."

गप्प राहणे सोपे होते. ते शब्द घेऊन मी सन्मानाने घरी जाऊ शकलो असतो, आणि सूनबाईंची यंत्रेही कदाचित निर्धोक राहिली असती. खरे सांगितले तर आप्पा सगळेच बाहेर काढतील, ही भीती होती; पण ती सूनबाईंसाठी होती की माझ्यासाठी, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "मी निभावलं नाही. यंत्रं आपोआप सुरू होणार होती. मी घाईत त्यांना पुन्हापुन्हा बंद केलं. या थाळ्या माझ्यामुळं गेल्या."

आप्पांनी हात काढून घेतला. "म्हंजे, तुमी हात लावला नसता तर ही जगली असती?"

"बहुतेक सगळी."

आप्पांनी सुनेकडे पाहिले. त्या खालची थाळी ओढून एकेक अंडे कानाला लावत होत्या; मान वर न करता म्हणाल्या, "बाकीच्या मशीनींत निघायल्यात, आप्पा. बगून या." मग माझ्याकडे वळून, डोळे कोरडे ठेवायचा प्रयत्न करत, त्या म्हणाल्या, "आनि तुमाला, अण्णा, फुडल्या खेपेला आल्या आल्या सूपच देते हातात."

बायका हसल्या. मला हसता आले नाही.

आप्पा एकेका यंत्रापाशी थांबत वखारभर फिरले. परत येऊन शेवटच्या यंत्राकडे बोट दाखवून त्यांनी निकाल दिला: "ही तेवडी बंद ऱ्हाऊ दे, बटन बसंपतोर. बाकीच्या चालू देत." सूनबाई थाळी मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी पदराने तोंड झाकले.

मेलेल्या अंड्यांच्या थाळ्या मी मागून घेतल्या. बांधापलीकडे खड्डा काढला होता, तिथे त्या मी स्वतः रिकाम्या केल्या. छिद्रातून डोकावणारी चोच शेवटच्या थाळीत होती.

पुढच्या खेपेआधी मी प्रत्येक यंत्रावर हाताने लावायचे बटण बसवले. ते दाबले की पंखा फिरतो, कुणाच्या निरोपावाचून. सूनबाईंनी एकेक बटण दाबून पाहिले, शेवटच्या यंत्राचे दोनदा, आणि मगच त्यात अंडी ठेवली.

वीज गेल्यावर पॅनेलसमोर उभे राहण्याचे प्रसंग त्यानंतरही येत राहिले आहेत. लाल दिवा जळत असतो, मालक मागे येरझारा घालत असतो, आणि माझा उजवा हात स्विचकडे निघालेला असतो. मी तो डाव्या हाताने धरून ठेवतो.