कर चालतो, मग व्यवहार का चालत नाही?

मंडळी, आज अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन परंड्याच्या बँकेत गेले. क्रिप्टो विकून आलेले पैसे जमा झाल्यावर बँकेनं माझं खातंच गोठवलं होतं.

बँकेतले साहेब म्हणाले, "हे बेकायदा आहे. पुन्हा करणार नाही असं लिहून द्या, खातं सुरू करायचं बघतो."

मी विचारलं, "बेकायदा आहे तर सरकार त्यावर तीस टक्के कर कसा घेतं? मी भरलाय."

साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. अण्णा हळूच म्हणाले, "दे की लिहून, बाई. कशाला वाद?"

"न्हाय अण्णा. मी काय चोरी केली न्हाय."

सही न करता उठले. खातं अजून बंदच आहे. रस्त्यावर आल्यावर अण्णा म्हणाले, "उद्या परत येऊ."

आमचा कर चालतो, तर स्पष्ट कायदा करायला काय अडचण आहे? तुमचंही खातं असंच अडकलंय का?