उभ्या भातावरची कुस्ती

आमच्या घरात एक नियम आहे. कुस्ती लागली असेल तर निकाल लागेपर्यंत उठायचं नाही. मग ती मैदानात असो, टीव्हीवर असो, नाहीतर गल्लीत दोन बोकडांची असो. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी तालमीत होते. त्यांचे कान अजून भज्यांसारखे चुरगळलेले आहेत. अर्ध्यातून उठणं म्हणजे लढणाऱ्याचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी मी कितीतरी कुस्त्या शू दाबून बघितल्यात. नियमातून सुटलेली होती फक्त आई, कारण ती मुळात कधी बसायचीच नाही. ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, आणि तीही एका चिनी सिनेमामुळे.

तो सिनेमा लागला त्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोल्हापुरात आमच्याच पेठेत माझा छोटा दवाखाना आहे. गुडघे, कंबरा, आखडलेले खांदे घेऊन माणसं येतात ती कामावरून सुटल्यावर, त्यामुळे दवाखाना खरा भरतो तो संध्याकाळी. माझं लग्न या संध्याकाळच्या वेळेवरच दोनदा अडलं होतं. पहिल्या स्थळानं सांगितलं, पाच वाजता शटर ओढायचं. दुसऱ्या स्थळाच्या आईनं विचारलं, "मग रातच्या भाकरी कोण थापणार?" आणि मुलगा वर पंख्याकडं बघत बसला. मला वाटतं तो अजूनही बघत असेल.

म्हणून या वेळी आबांनी मला आधीच दटावलं होतं. "दवाखान्याच्या येळंचं तू काढू नगंस. आधी जमू दे. मग मी सांगतो सावकाश."

मला असा राग आला म्हणून सांगू. दवाखाना म्हणजे काय कपाळावरचं गळू आहे का, पदराखाली झाकायला? याच आबांनी तालमीतले म्हातारे पैलवान गुडघ्यांसकट माझ्याकडं धरून आणले होते, आणि आता हेच मला गप बसायला सांगत होते. मी मनाशी ठरवलं, पाहुणे आले की पहिल्या दहा मिनिटांत वेळ सांगून टाकायची. जायचे असतील तर जाऊ देत. निदान पोहे तरी वाचतील.

पाहुणे मलकापूरचे, चार वाजता यायचे होते. रस्ता मोकळा मिळाला म्हणून ते अडीचलाच दारात उभे राहिले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे चुलते. मुलाचे वडील नव्हते, चुलत्यांनीच भातशेतीवर घर चालवलेलं. मी कांदा चिरत होते, आई दाण्यांची सालं पाखडत होती, आणि आबा बनियनवर टीव्हीसमोर. कुठल्याशा चॅनेलवर हिंदीत बोलणारा चिनी सिनेमा चालू होता. त्याचं नाव केव्हाच येऊन गेलेलं. बेल वाजली तेव्हा नेमकी मारामारी सुरू झालेली. आबांनी दार उघडलं, पाहुण्यांकडं बघितलं, मागं टीव्हीकडं बघितलं आणि म्हणाले,

"या पावणं, या. बसा. जरा कुस्ती लागल्या."

आईनं कपाळाला हात लावला. दुसरं कुणी असतं तर उंबऱ्यावरूनच परत फिरलं असतं. पण चुलत्यांनी शांतपणे चपला काढल्या, "कुणाकुणाची?" असं विचारलं आणि जाऊन सोफ्यावर बसले. त्यांच्याकडंही तोच नियम असावा.

सिनेमा साधा होता. काळ्या कपड्यांतला एक सैतान गावावर चालून आलेला, आणि त्याला अडवायला डोंगरावरच्या एका म्हाताऱ्या गुरूची एकटी चेली. ती पांढऱ्या कपड्यांत, साधारण माझ्याच वयाची. दोघंही उडत होती. छपरावरून झाडावर, झाडावरून तळ्यावर, आणि वर हवेतच तलवारी चालवत होती.

"पाय मातीत न्हाईत तर ह्यो जोर काढतोय कुठनं?" आबांनी पहिलं मत दिलं.

"दोरी असंल की वर," चुलते म्हणाले.

"दोरी हाय त्ये मलाबी कळतंय. जोर कुठनं काढतोय, त्ये सांगा."

तेवढ्यात चेलीनं सैतानाला उचलून आपटलं. आबांनी मांडीवर थाप मारली. "चितपट. संपली कुस्ती."

सैतान उठला आणि परत उडायला लागला. आबांना हे अजिबात पटलं नाही. "पाठ लागली हुती की! आता कशाला उठतोय?"

"पुरी न्हाय लागली," चुलते म्हणाले. "डावा खांदा वर हुता."

"पावणं, तुमचा चष्मा कुठाय?"

"खिशात हाय की."

"घाला मग."

चुलत्यांनी चष्मा घातला, पण मत बदललं नाही. दोघंही एकमेकांवर खूश झाल्यासारखे दिसायला लागले. पुढं चेली चिखलातून लांबवर घसरत गेली आणि उठली तेव्हाही तिचे कपडे पांढरेशुभ्र. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ह्येला कुठला साबण लावत्यात काय की." मुलाची आई म्हणाली, "साबण कसला, धुणारी दुसरी असंल." दोघी अशा हसल्या, की मी मनात म्हटलं, या दोघींचं तरी जमलं.

मी पोहे घेऊन बाहेर आले आणि ठरवल्याप्रमाणे तोंड उघडलं. "माझा दवाखाना..."

"थांब ग, डाव बघ," आबा म्हणाले. ते मला मुद्दाम अडवत होते की खरंच डाव बघत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी चडफडत बशा वाटल्या आणि वेताच्या मोड्यावर बसले.

मारामारी आता गावाखालच्या शेतात शिरली होती. शेत भाताचं, पीक उभं आणि पिवळं झालेलं. दोघं लोंब्यांच्या शेंड्यांवरून पळत होती, मधूनच खाली उतरत होती, लोळत होती. इतका वेळ शांत असलेले चुलते एकदम अर्धे उठले.

"आरं, लोंब्या भरल्यात! भात झडंल की सगळा!"

"पावणं, उठायचं न्हाय," आबा म्हणाले.

ते बसले खरे, पण त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. "एवढा डोंगर मोकळा पडलाय, आन् ह्यांस्नी नेमकं भातातच? कुणाचं रान हाय ह्ये? मालकाला इचारलं का?" त्यांच्या लेखी आता सज्जन कुणी नाही आणि सैतानही कुणी नाही, पिकात शिरलेले दोन रेडे तेवढे होते. मुलाची आई त्यांना हळूच म्हणाली, "सिनेमातलं हाय त्ये भावजी," तर ते म्हणाले, "भात तर खरा हाय न्हवं?"

मुलगा तेव्हा पहिल्यांदा हसला. तो कोल्हापुरातच एका बँकेत नोकरीला होता, खोली घेऊन एकटा राहायचा. आल्यापासून पाण्याचा पेला धरून गप बसलेला. माझ्याकडंही त्यानं एकदाच बघितलं होतं. त्याचाही मी त्याला एक गुण दिला, कारण सिनेमा खरंच रंगला होता.

मग लढाई थांबली. चेली रात्री डोंगरावरच्या झोपडीत परत आली, एका हाताला जखम झालेली. आत चुलीपुढं तो म्हातारा गुरू डोळे मिटून चहा पीत बसला होता. तिनं मडक्यातला भात वाडग्यात काढला. भाताचा थिजलेला गोळा झाला होता. तो ती काड्यांनी फोडून खायला लागली. उडणं थांबलं म्हणून सगळे पोह्यांकडं वळले. मुलगा तेवढा टीव्हीकडं बघत होता.

"एवढं लढून आली," तो म्हणाला, "आन् थंड भात खातीया."

त्याचं आमच्या घरातलं हे पहिलं वाक्य.

"मग!" चुलते म्हणाले. "बाईमाणूस भाईर लढाय गेल्यावर चुलीकडं कोण बघणार?"

तोच प्रश्न, तिसऱ्यांदा, आणि या वेळी चीनमधून फिरून आलेला. आईनं दारातून डोळ्यांनीच सांगितलं, गप. आबा टीव्हीकडं बघत होते, जरा जास्तच टक लावून. मी बशी खाली ठेवली आणि सरळ मुलाला विचारलं, "मग तिनं काय करायला पाहिजे होतं?"

त्याला प्रश्न कळलाच नसावा. त्यानं टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तिनं? तिनं लढाई केली की," तो म्हणाला. "त्यो म्हातारा बसलाय न्हवं चुलीफुडं. सोतापुरता च्या उकळून घेतलाय. भाताखाली जरा जाळ घालाय त्येला काय झालंतं?"

तोच पुढं म्हणाला, "थंड भात घशात बसतोय ओ. मी खोलीवर खातो की, म्हाईत हाय मला."

"पाण्याचा शिपका मारायचा आन् झाकण ठिवायचं," चुलते म्हणाले. त्यांना तो भाताचा प्रश्न वाटला होता. "आपला भात हाय, मऊ हुतो लगीच."

मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही यायला लागलं. त्या भरात मी सांगून टाकलं. "माझा दवाखाना रात्री आठपर्यंत असतो. रविवार सोडून रोज. आणि तो तसाच राहणार."

आबांनी डोळे मिटून घेतले.

"आमची बँक आधी सुटती," मुलगा म्हणाला. त्यानं थोडा विचार केला. "भात येतोय मला. आमटीबी येती. भाकरी न्हाय येत. तुटती."

"तुटू दे," त्याची आई म्हणाली. "पोटात गेल्यावर तुटायचीच हाय की."

एवढंच झालं. ना कुणी होकार दिला, ना कुणी साखर वाटली. टीव्हीवर देवळाच्या छपरावर शेवटची लढाई सुरू झाली आणि सगळे परत तिकडं वळले. पण मला आतून इतकं हलकं वाटत होतं, की त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मीसुद्धा छपरावर उडी मारली असती.

आणि ऐन रंगात आलेल्या त्या कुस्तीतून आबा उठले.

मी त्यांना असं उठताना जन्मात बघितलं नव्हतं. ते सरळ स्वयंपाकघरात गेले. आत आई ओट्याशी उभी होती, दुसऱ्यांदा चहा टाकत. तिच्या वाटणीचे पोहे ओट्यावर झाकून ठेवलेले, केव्हाचे गार झालेले.

"बस खाली," आबांचा आवाज आला.

"काय झालं?"

"बस म्हणतोय न्हवं."

मग लायटरची टकटक ऐकू आली. बराच वेळ. गॅसच्या कुठल्या बटणानं कुठली शेगडी पेटते हे आबांना ठाऊक नव्हतं. नंतर कढई आपटली. नंतर प्रश्न आला, "तेल घालायचं का पाण्याचा शिपका?"

"शिपका!" चुलते सोफ्यावरून ओरडले. "आन् वर झाकण ठेवा!"

आम्ही सगळे आता स्वयंपाकघराकडं तोंड करून बसलो होतो. दारातून आई दिसत होती. स्टुलावर बसून, पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसत होती, आणि आबा उलथनं घेऊन कढईशी झटत होते. पोहे खालून लागल्याचा वास बाहेर आला. आईनं ते तसेच खाल्ले, सगळे. आबा शेजारी उभे होते.

मग त्यांना एकदम आठवण झाली. "कोण जिंकलं?" त्यांनी आतून विचारलं.

आम्ही माना वळवल्या. पडद्यावर चिनी अक्षरं खालून वर सरकत होती. निकाल कुणीच बघितला नव्हता.

लग्नाला आता काही वर्षं झाली. त्या सिनेमाचं नाव आम्हाला अजून सापडलेलं नाही. माझा नवरा अधूनमधून फोनवर शोधतो. पांढऱ्या कपड्यांत उडणाऱ्या बायका ढीगभर निघतात, पण थंड भात खाणारी निघत नाही. चुलतसासरे मलकापूरहून तांदळाचं पोतं घेऊन आले की दर वेळी सांगतात, त्या शेतकऱ्याला भरपाई कुणी दिली नसणार. आबांचं मत आहे, की चेली पहिल्याच पकडीत जिंकली होती, पुढचा सगळा सिनेमा फुकटचा. दवाखाना आठला बंद होतो. घरी गेल्यावर भात गरम असतो, आमटी कधी कधी खारट असते आणि भाकरी अजून तुटते.

परवा रविवारी माहेरी गेले होते. टीव्हीवर कुस्ती लागली होती, आपली, मॅटवरची. समोर आई मांडी घालून बसली होती, हातात दाण्यांची वाटी. आबा आत चहा टाकत होते. उतू गेलेल्या दुधाचा वास येत होता.

"पाठ लागली का ग?" आबांनी आतून विचारलं.

आईनं टीव्हीवरची नजर काढली नाही.

"न्हाय अजून," ती म्हणाली. "डावा खांदा वर हाय."