बोट तारण ठेवून फाइन आर्ट्स

"बोट लिहून घ्या, मॅडम. पन पोरीचं शिक्षन व्हायला पायजे."

मनवेलभाऊंनी बोटीचे कागद माझ्या टेबलावर ठेवले. त्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास येत होता. शेजारी त्यांची मुलगी सेलिना, मान खाली घालून. मी वसईतल्या एका बँकेत कर्जविभाग सांभाळते. पाचूबंदरच्या या बापलेकीला फाइन आर्ट्सच्या डिग्रीसाठी आठ लाख हवे होते. कॉलेज मुंबईतलं, खासगी.

एज्युकेशन लोनला शिकत असताना हप्ता नसतो. याला मोरेटोरियम म्हणतात. लोकांना वाटतं, तेवढी वर्षं व्याजही नसतं. असतं, आणि साठत जातं. डिग्री हातात येईपर्यंत आठाचे दहा झाले असते. पुढे दहा वर्षं, महिना तेरा-चौदा हजार.

"पगार किती मिळेल?" मी सेलिनाला विचारलं.

"ब्रोशरमध्ये चाळीस हजार लिहिलंय."

"ब्रोशर राहू दे. तिथून पास झालेल्यांना फोन लाव."

तिने समोरच लावले. एकजण स्टुडिओत अठरा हजारांवर होता. एकजणी शाळेत ड्रॉइंग शिकवत होती, पगार सांगायला तयार नव्हती. तिसरा म्हणाला, तुझ्या ओळखीत काही काम असेल तर बघ.

आमच्या मॅनेजरांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "फाइन आर्ट्स? रिजेक्ट करा, मॅडम. आणि शिक्षणाच्या कर्जाला आपण बोट तारण घेत नाही."

"त्यांचं घर मुलीच्या आजोबांच्या नावावर आहे, वारसनोंद झालेली नाही. बोटीशिवाय त्यांच्याकडे काही नाही. इन्स्पेक्शन करून लिहिते."

"चित्रं बघायला जाताय?"

"हो."

नकार लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण इंजिनिअर झालेल्यांची थकलेली कर्जंही माझ्याच कपाटात होती, आणि ती देताना कुणी असा विनोद केला नव्हता. मला स्वस्थ बसवेना.

पाचूबंदरला बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. मासेमारीची पावसाळी बंदी संपत आलेली, रंगकाम जोरात. बोटींवर नावं, क्रॉस, मदर मेरीचे चेहरे. थांबून बघावं असं काम.

"अर्ध्या बंदराच्या बोटी हिनंच रंगवल्यात," सेलिनाची आई मेरीबाय जाळं दुरुस्त करता करता म्हणाली.

"घेते किती?"

"पैशे? वाड्यातली पोर वाड्यातल्यांकडून पैशे घेल काय? दर्या उघडला का पयल्या फेरीचे पापलेट धाडतात."

"त्यांचं काय होतं?"

"मी बाजारात विकते."

म्हणजे मुलगी कमावत होती. कमाई आईच्या टोपलीत जात होती, एवढंच. मग मी तो प्रश्न विचारला, जो टेबलावरच विचारायला हवा होता.

"सरकारी कॉलेजात नंबर नाही लागला?"

सेलिनाने वडिलांकडे पाहिलं. "लागलाय. नागपूरला. हॉस्टेल, जेवण सगळं धरून अडीच लाखांत डिग्री होते."

"मग आठ लाख कशाला?"

मनवेलभाऊ उसळले. "नागपुरात दर्या हाय का? कोन हाय तिथं आमचं? पोर रोज सांजची घरी आली पायजे."

"म्हणजे साडेपाच लाख हे सांजचं घरी येण्याचे."

मेरीबायने जाळं खाली ठेवलं. "तुमी आठ-आठ दिस दर्यात जाता. मी काय बोट बांधून ठेवते?"

"डॅडी," सेलिना म्हणाली, "ती सीट उद्या संध्याकाळी जाईल."

मनवेलभाऊ बोटीच्या पलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. एक चेक दोनदा तपासला. फोन करणं माझं काम नव्हतं. केला नाही. काउंटर बंद होताना मेसेज आला: 'नागपूर कन्फर्म. डॅडींनी सही केली. बोलत नाहीयेत.'

अडीच लाखांना तारण लागत नाही. आईला सहकर्जदार घेतलं.

"फिटेल?" मॅनेजरांनी विचारलं.

"माहीत नाही. पण बुडालं तरी बोट बुडणार नाही."

साठू नये म्हणून मनवेलभाऊ व्याज आधीच भरतात. यंदा आले ते कुरकुरतच. "बाहेरचा पेंटर आनला. रोख पैशे घेतले नि मदर मेरीचं तोंड वाकडं केलं."

"मग सेलिनाला बोलवायचं. सुट्टी असेल ना?"

"बोलावली. आता ती रेट सांगते! नागपुरात दुकानांच्या भिंती रंगवते, तिथं कोन पापलेट देते? रोख देतात. सवय लागली."

"दिलात का?"

"अर्धा अ‍ॅडव्हान्स घेतला बापाकडनं," ते म्हणाले, आणि व्याजाची पावती नीट घडी करून खिशात ठेवली.

कर्ज फिटेल की नाही, ते डिग्री झाल्यावर कळेल. मी माझ्या कामात एकच बदल केला. आता फीचं पत्रक बघण्याआधी विचारते: दुसरीकडे कुठे नंबर लागला होता, आणि तिथे का नाही गेलात?