पुस्तकांच्या पाठीतली पूड

चष्मेवाल्यांचे हात घामट. भिंगं घासण्यात उभा जन्म गेला, पण हातांचा घाम काही सुटला नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा टेकवायच्या आधी ते दर वेळी तळवे पँटला पुसायचे. धंद्यात त्याचं फारसं अडत नव्हतं. अडायचं ते घरी, मागच्या खोलीत, जिथे त्यांचा जीव की प्राण कपाटात उभा होता: जुन्या रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या.

दुसरी आवृत्ती म्हणजे त्यांच्या लेखी रद्दी. पहिलीच हवी, तीही मूळ वेष्टनासकट, आणि वेष्टनाच्या कोपऱ्यावरची किंमत कुणी कात्रीने उडवली असेल तर हे नाक मुरडणार. एका कादंबरीत खून झालेला माणूस पुढच्याच प्रकरणात आरामात चहा पिताना सापडतो. ती छापणाऱ्याची चूक, दुसऱ्या आवृत्तीत सुधारलेली. म्हणून तर चुकीच्या प्रतीसाठी चष्मेवाल्यांनी गावभरच्या रद्दीवाल्यांचे उंबरठे झिजवले, आणि मिळाली त्या दिवशी भरदुपारी दुकानाला कुलूप ठोकलं. लोक याला वेड म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते.

पण एवढं मिळवून हात लावायची सोय नाही. घामाचा डाग जुन्या कागदावर पडला की पडला. त्यामुळे पुस्तकं त्यांची आणि हात काकूंचे. काकू म्हणजे त्यांची बायको. अख्खी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. काकूंचे हात कोरडे आणि हलके. सुटीच्या दिवशी त्या एकेक पुस्तक काढून मऊ फडक्याने पुसायच्या, आणि चष्मेवाले हात पाठीमागे बांधून त्यातली गोष्ट सांगायचे.

"मग त्या म्हाताऱ्याच्या दुधात कुणीतरी..."

"पुतण्या असणार. तुमच्या गोष्टींत एक पुतण्या धड नसतो बघा."

दोघं खो-खो हसायची. मूलबाळ नव्हतं, त्यांचा संसार रंगायचा तो असा, फडकं आणि पुस्तक यांच्यामध्ये.

मग एका दमट वर्षी पुस्तकांना कसर लागली. पानांना बारीक भोकं दिसली आणि चष्मेवाल्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. धान्याच्या गोदामातला मुकादम चष्मा बदलायला आला होता, त्याने उपाय सांगितला आणि दुसऱ्या दिवशी डबाही आणून दिला. पांढरी, बिनवासाची पूड.

"काका, जालीम आहे हं," तो म्हणाला. "खिडक्या उघड्या ठेवा. हातमोजे घातल्याशिवाय शिवू नका."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. पण खिडकी उघडली की उन्हाने पुस्तकांच्या पाठी विटतात, आणि हातमोज्यांचे धागे फाटक्या वेष्टनांत अडकतात. असला संग्रह करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. काकू बाजारात गेल्या असताना त्यांनी स्वतः तेवढ्यापुरते हातमोजे चढवून, वेष्टनांना जपत प्रत्येक पुस्तकाच्या पाठीत चमच्याने पूड सोडली, आणि खिडकी घट्ट लावून घेतली.

"अगंबाई, भिंतीचा चुना झडतोय की काय?" पुढच्या सुटीला काकू फडकं झटकत म्हणाल्या.

"हं," चष्मेवाले म्हणाले. सांगितलं असतं तर त्या स्वतः दमून जाईपर्यंत प्रश्न विचारत बसल्या असत्या, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

कसर गेली. आधी कोळी गेले, मग एक पाल कपाटामागे मरून पडलेली सापडली. चष्मेवाले खूश झाले, आता कबूल करायलाही लाज वाटावी इतके खूश. त्यानंतर काकूंच्या तोंडाची चव गेली. पाणी प्यायल्या तरी खिळा चघळल्यासारखं वाटायचं. बोटांना मुंग्या येत, खाल्लेलं पोटात टिकत नसे, आणि विंचरायला बसलं की कंगवा केसांनी भरून जाई. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या.

काकूंची धाकटी बहीण भेटायला आली. तिने कुणाचं न ऐकता ताईला आपल्या घरी नेलं. तिथे काकू भाकरी मागून खाऊ लागल्या. परत आल्या तेव्हा गालांवर रंग होता, आणि पहिल्या सुटीला त्या उत्साहाने फडकं घेऊन बसल्या. चार दिवसांत पुन्हा अंथरुणाला खिळल्या.

बहिणीकडे बरी, घरी आजारी. भिंग घासता घासता चष्मेवाल्यांचा हात थांबला. त्यांच्या कपाटातली अर्धी पुस्तकं याच खुणेवरून नवऱ्याला पकडत होती, आणि ती त्यांनीच काकूंना रंगवून सांगितली होती. त्यांचं धाबं दणाणलं. पण तरातरा घरी जाऊन खोली रिकामी करायचं सोडून हा माणूस हिशेब करत बसला: पूड पाठीत मुरलीय, झटकून जाणार नाही; कळलं तर सगळी पुस्तकं जाळायला लावतील. संध्याकाळी ते घरी गेले आणि म्हणाले, "अगं, यापुढे पुस्तकं पुसायची नाहीत. राहू देत."

"का हो? माझं काही चुकलं?"

"नाही गं. दमतेस म्हणून."

यापलीकडे एक शब्द नाही. खोलीला कुलूपसुद्धा घातलं नाही, कारण कुलूप कशाला ते सांगावं लागलं असतं. दिवसभर ते दुकानात असत आणि रात्री तोंड पाडून जेवत. बघणाऱ्याला वाटावं, पुस्तकांवर धूळ बसली म्हणूनच माणूस झुरतोय. काकूंनाही तसंच वाटलं.

एके दुपारी बहीण ताईला बघायला आली तर ताई मोरीत पडलेली, ओठ पांढरेफटक. तिने रिक्षा बोलावून दवाखाना गाठला आणि दुकानात निरोप धाडला. चष्मेवाले धावत पोचले तेव्हा खाटेजवळ एक डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"घरात काही विषारी वापरता का? उंदरांसाठी, किड्यांसाठी? नीट आठवून सांगा. कळलं तर इलाज आहे."

"भावोजी, काही आहे का तसलं?" बहिणीने विचारलं.

पूड आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यापाठोपाठ पुढचा प्रश्न येणार होता, कधीपासून माहीत होतं, आणि मेव्हणी डोळ्यांत डोळे घालून उभी होती. चष्मेवाल्यांनी तळवे पँटला पुसले.

"नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे तसलं काही नाही."

डॉक्टरीणबाई पलीकडच्या खाटेकडे वळल्या. बहीण औषधं आणायला खाली गेली. काकूंनी डोळे उघडले आणि नवऱ्याला जवळ यायची खूण केली.

"रागावणार नाही ना? तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुमचा चेहरा बघवेना. आज सगळी पुसून काढली." त्या धाप टाकत हसल्या. "खालचा एक कप्पा तेवढा राहिलाय. घरी सोडलं की करते."

डॉक्टरीणबाई हाकेच्या अंतरावर होत्या. नुसतं 'अहो' म्हटलं असतं तरी वळल्या असत्या.

"सावकाश कर," चष्मेवाले म्हणाले. "घाई नाही."